झडतीबाईचा शब्द

चमच्यांच्या कारखान्यातून चमचा चोरून नेणं अवघड नाही. अवघड होतं ते बायकांच्या फाटकातून बाहेर पडणं, कारण तिथे झडतीबाई उभी असे. पगाराच्या दिवशी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारत, एरवी साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झडतीबाईच. बाहेरच्या कोपऱ्यावरचा चहावालाही तिला तेच म्हणे, आणि पेला परत देताना ती तो उलटा करून बघते, अशी तक्रारही करे.

पाळी सुटली की पॉलिश खात्यातल्या बायका रांगेने येत. काळवंडलेली बोटं, केसांत धातूची बारीक भुकटी. झडतीबाई आधी पिशवीला हात लावत नसे. ती नुसती चाल बघे. चमचा लपवलेली बाई जरा जास्तच सहज चालते, असं तिचं म्हणणं होतं. मग डब्याचं झाकण, कोटाचं अस्तर, अंबाडा, बूट. अंबाड्यात खोवलेले काटेचमचे तिने काढले होते, बाळाच्या दुपट्यातून सुऱ्या काढल्या होत्या, आणि एकदा तर एकीच्या प्लास्टरमधल्या हातातून अख्खा सूप वाढायचा डाव. साहेबांच्या केबिनमध्ये वावरणारे चमचे तेवढे तिच्या अखत्यारीत येत नव्हते, नाहीतर तिने तेही बाहेर काढले असते.

जन्मतःच कुणी अशी असतं का? नोकरीला लागली तेव्हा ती बऱ्यापैकी भोळी होती. पहिल्याच महिन्यात एक वयस्क कामगारीण रडत रडत आली, आई अत्यवस्थ आहे म्हणाली, आणि हिने तिला न तपासता सोडलं. वर पाठीवर हातही फिरवला. ज्या पाठीवरून हात फिरवला तिथेच, कोटाच्या आत, बारा काटे बांधलेले होते, हे दुसऱ्या दिवशी बाजारात उघड झालं. नोकरी जाता जाता वाचली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला सुरुवात केली.

नवरा मात्र नेमका उलटा. त्याचं गल्लीच्या तोंडाशी सलून होतं, तीन खुर्च्या आणि एक तडा गेलेला आरसा. अख्खी गल्ली त्याच्या वस्तऱ्याखाली मान देऊन बसे आणि त्यामुळे त्याची अशी समजूत झाली होती की जगात सगळे एकमेकांवर विश्वास ठेवूनच असतात. उसनी दिलेली छत्री परत येईल, उद्या येतो म्हणालेला सुतार उद्याच येईल, असं तो खरोखर मानत असे. त्यावर ती एकदा त्याला म्हणाली होती, "तुमच्यापुढे माणसं डोळे मिटून बसतात. माझ्यापुढे उघडे ठेवून उभी राहतात. म्हणून तुम्हाला जग भोळं दिसतं."

त्यांना एकच मुलगी. शाळेच्या गानवृंदात ती खालच्या पट्टीत गायची. हा आवाज एकटा ऐकला तर कुणी वाहवा करणार नाही, पण नसला तर बाकीच्यांचं गाणं हवेत तरंगत राहतं, असं तिच्या संगीताच्या सरांनी एकदा सांगितलं होतं. झडतीबाईने हे ऐकलं आणि सरांना यातून काय हवं असावं, याचा दोन दिवस विचार केला.

लेकीचं दप्तर ती रोज संध्याकाळी उपसायची. वह्या, कंपासपेटी, डब्याची पिशवी, तळाशी साचलेला पेन्सिलीचा भुसा. इतक्या वर्षांत त्यात एका अर्धवट खाल्लेल्या चॉकलेटपलीकडे काही सापडलं नव्हतं. दुसरी एखादी आई यावरून मुलगी चांगली आहे असं समजली असती. हिने असा अर्थ काढला की मुलगी हुशार आहे.

तर त्या वर्षी गानवृंदाला परदेशातून बोलावणं आलं. समुद्रकाठचं कुठलंसं शहर, तिथे देशोदेशीच्या शाळा गाण्यासाठी जमणार, मुलं तिथल्या कुटुंबांमध्ये राहणार. शाळेत आनंदीआनंद झाला. मुली जिन्यात गायला लागल्या, मुलगे इस्त्री करायला शिकले. आणि मग तो ताप आला.

आधी घसा धरायचा, मग अंग तापायचं, काहींचं दोन दिवसांत उतरायचं आणि काहींना थेट इस्पितळात न्यावं लागायचं. सगळे त्याला परदेशी ताप म्हणत. बहुधा त्या समुद्रकाठच्या शहरातही त्याला परदेशी तापच म्हणत असावेत. रोग हा नेहमी दुसऱ्याच्या घरचा असतो. बातम्यांत एक दिवस आकडे वाढत, एक दिवस उतरत, आणि झडतीबाईला उतरलेल्या आकड्यांचाच जास्त संशय येई.

कारखान्यानेही काळजी घेतली. कपाळासमोर धरायचं एक तापमापक यंत्र आणलं आणि ते धरायचं काम अर्थातच झडतीबाईकडे आलं. सकाळी सगळ्यांच्या आधी ती बाजूच्या छोट्या दारातून आत यायची, मोठं फाटक उघडायची, पिशवीतून यंत्र काढायची आणि मग येणाऱ्या प्रत्येकीच्या कपाळावर रोखायची. साहेबही त्यातून सुटले नाहीत. रात्रीच्या पहारेकऱ्यावर भरवसा नाही म्हणून संध्याकाळी ते यंत्र ती घरी घेऊन जाई. घरी लेकीचं कपाळ, नवऱ्याचं कपाळ, एकदा तर वीजबिल द्यायला आलेल्या माणसाचंही. आता या सगळ्यात झडतीबाईला कोण तपासणार? हा प्रश्न कारखान्यात कुणाला पडला नाही. आणि जिला ऊठसूट प्रश्न पडत, तिलाही तो पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

सहलीचं काय करायचं हे ठरवायला शाळेने पालकांना बोलावलं. संगीताच्या वर्गात छोट्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली. आल्याआल्या प्रत्येकाच्या हातात चहा दिला गेला. झडतीबाईने तो खाली ठेवला. फुकटचा चहा पाजतात तेव्हा मागाहून काहीतरी गळ्याखाली उतरवायचं असतं, हे तिने नवऱ्याच्या कानात सांगितलं. नवरा तोवर दुसरा पेला घेत होता.

मुख्याध्यापिका बुटक्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं मांडलं. ताप त्या देशात आहे, पण त्या शहरात तुरळक आहे. यजमान मुलांना बोलवायला तयार आहेत. आत्ता गेलो नाही तर ही तुकडी पुन्हा जायची नाही, पुढल्या वर्षी यातली निम्मी मुलं शाळेतून बाहेर पडलेली असतील. एक दातांचे डॉक्टर म्हणाले की मुलांना कापसात गुंडाळून ठेवता येत नाही. एका आईने डोळ्यांना रुमाल लावून विचारलं की कापसात नाही, पण निदान आपल्या देशात तरी ठेवता येईल ना. दोघांचंही खरं होतं आणि म्हणूनच बैठक लांबत चालली.

झडतीबाईला या सगळ्यात कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. मुख्याध्यापिका स्वतः सोबत जाणार होत्या. म्हणजे फुकट फिरायला मिळणार. न जाणाऱ्या असत्या तर, स्वतः मागे राहून पोरं पुढे ढकलतात, असं तिला वाटलं असतं. ती उठून उभी राहिली आणि तिने विचारलं, तिथे एखादं मूल आजारी पडलं तर त्याच्याजवळ कोण थांबणार. मी थांबेन, मुख्याध्यापिका म्हणाल्या. आणि तुम्हालाच ताप आला तर? मग संगीताचे सर. आणि सरांना आला तर? वर्गात हसू फुटलं.

मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. "मग काय करायचं ते मला आज माहीत नाही," त्या म्हणाल्या.

झडतीबाई जरा गोंधळली. फाटकात इतकी वर्षं तिने नाना उत्तरं ऐकली होती, पण माहीत नाही असं सरळ तोंडाने म्हणणारं माणूस तिला फारसं भेटलं नव्हतं. तरी ती खाली बसली नाही. तिने एक नियम सुचवला. ज्याच्या घरात कुणालाही ताप असेल, मग आजी असो की मावशी, त्या घरचं मूल गाडीत बसता कामा नये. आपण तिकडून रोग आणण्याचीच भीती बाळगतोय, पण इकडून नेणारेही असतात, ती म्हणाली. हे म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर दातांचे डॉक्टर होते, ते मघापासून घसा खाकरत होते.

नियम सगळ्यांना पटला. मुलांना आम्ही फाटकातच तपासू, मुख्याध्यापिका म्हणाल्या, पण घरच्यांचं मात्र तुमच्या शब्दावर.

"शब्दावर?" झडतीबाई म्हणाली. "बाई, शब्दावर चमच्यांचा कारखाना चालत नाही."

"शाळा चालते," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि डोक्यावरचा चष्मा शोधू लागल्या. बहुमताने सहल जायचं ठरलं.

पण बहुमत शाळेत. घरात झडतीबाई संमती देईना. रोज नवी शंका. लेक ज्या कुटुंबात राहणार होती त्यांचा फोटो आला होता, आई, बाप, दोन मुली, चौघंही हसणारी. कारण नसताना चौघं एकदम कशी हसतात? घर एवढं स्वच्छ कशाला ठेवलंय? मागे बंद दार दिसतंय, त्यात कोण आहे? नवरा म्हणाला की फोटो काढताना लोक हसतातच, आपणही लग्नात हसलो होतो. तेव्हा मला काय माहीत होतं, ती म्हणाली.

लेक भांडली नाही, आणि हेच झडतीबाईला खुपत होतं. एका संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे दप्तर उपसत बसली होती. लेक दारात उभी राहून बघत होती.

"आई, एक सांगू? तिकडे आठवडाभर माझं दप्तर कुणी उघडणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "मला गाण्यापेक्षा त्यासाठी जायचंय."

झडतीबाईच्या हातात तेव्हा कंपासपेटी होती. ती तिने न उघडता परत ठेवली. त्या रात्री ती नीट जेवली नाही. बायकांच्या रांगेत रोज कितीजणी तिच्याकडे दात खाऊन बघत, त्याचं तिला काही वाटत नसे, तो तिच्या कामाचाच भाग होता. पण आपल्या पोटची पोरही त्याच रांगेत उभी आहे आणि पाळी सुटायची वाट बघते आहे, हे तिला आजवर दिसलं नव्हतं. सकाळी तिने संमतीपत्रावर सही केली. नवऱ्याने विचारलंही नाही की कसं काय बुवा. उगाच झोपलेल्या संशयाला कोण जागं करणार.

मग गंमत झाली. एकदा हो म्हटल्यावर झडतीबाईलाच त्या सहलीचं वेड लागलं. लोकरीचे मोजे आले. घशासाठी गोळ्या आल्या. लेक न्हाणीघरात सराव करायची तेव्हा ती नळ बंद ठेवून ऐकायची. आपल्याला जे बघता येणार नाही, तपासता येणार नाही, असं काहीतरी लेकीच्या वाट्याला यावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, आणि ते वाटणं तिला आवडलं होतं. बॅग लेकीने स्वतः भरली. झडतीबाईने बॅगेला हात लावला नाही. नुसती उचलून वजन बघितलं, तेवढं तरी चालायचंच.

निघायच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली. चहा ठेवताना तिच्या लक्षात आलं की गरम भांड्याला हात लावूनही बोटं गार आहेत. पाठीचा कणा दुखत होता. घसा आदल्या दिवशीपासून खरखरत होता, पण दिवसभर फाटकात ओरडणाऱ्या बाईचा घसा खरखरणारच. सवयीने तिने पिशवीतून यंत्र काढलं आणि, काय मनात आलं कुणास ठाऊक, स्वतःच्या कपाळासमोर धरलं.

आकडा बघून तिला पहिला संशय यंत्राचा आला. तिने ते भिंतीवर रोखलं. झोपलेल्या नवऱ्यावर रोखलं, तो ठीक होता. लेकीवर रोखलं, तीही ठीक होती. चुलीपासून लांब, खिडकीशी जाऊन तिने पुन्हा स्वतःवर धरलं. ताप होता. फार नव्हता. गोळी घेतली तर तासाभरात उतरला असता. आणि घरच्यांचं तर शब्दावरच होतं. सलूनवाला शाळेत जाऊन सांगणार, घरी सगळे बरे, आणि त्याच्या तोंडाकडे बघून कुणालाही ते खरं वाटणार, कारण त्यालाही ते खरंच वाटत असणार.

गोळीची पट्टी हातात घेऊन ती स्वयंपाकघरात उभी राहिली. लबाडी करणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असं तिला वाटायचं. काही ठाऊक नव्हतं तिला. त्यात एवढं प्रेम असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. बारा काटे पाठीला बांधणाऱ्या त्या बाईची आईसुद्धा कदाचित खरंच आजारी असेल, असं तिच्या मनात पहिल्यांदा आलं. पण त्याच मनात ते फोटोतलं कुटुंबही आलं, चौघं हसणारी, आणि गाडीतली बाकीची पोरं.

आणि खरं सांगावं, तर ते कोण खरं मानणार? लांडगा आला रे आला म्हणत जिने सगळं घर महिनाभर जागवलं, तिच्याच दारात आता लांडगा उभा होता. हात दाखवून अवलक्षण. नियमही तिचाच.

लेक बूट घालून, बॅग घेऊन दारापाशी आली. नवरा डोळे चोळत उठला होता.

"थांब. जाता येणार नाही," झडतीबाई दूर भिंतीला टेकून म्हणाली. "मला ताप आहे."

लेक हसली. मग तिने आईकडे नीट बघितलं आणि हसणं थांबवलं. राग येताना तिचा आवाज आणखी खाली उतरायचा.

"मी वाटच बघत होते," ती म्हणाली. "सही केलीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. आणि बूट घालेपर्यंत थांबलीस?"

नवरा म्हणाला की असं बोलू नये. लेकीने ते ऐकलं नाही. तिने तोंडाला रुमाल बांधला, यंत्र उचललं, हात लांब करून आईवर रोखलं. आकडा बघितला. चहाची वाफ घेतली असशील, ती म्हणाली, आणि आईला खिडकीशी उभं केलं. पुन्हा रोखलं. मग म्हणाली, खिसे दाखव. झडतीबाईने खिसे उलटे केले. हात पसर. तिने हात पसरले. गरम पाण्याची पिशवी नाही, काही नाही. कोटाचं अस्तर कुठे चाचपायचं, गळपट्ट्यात काय दडू शकतं, हे सगळं पोरीला येत होतं, फक्त तिने अंगाला हात न लावता, लांबूनच एकेक दाखवायला लावलं. शिकवायला कुणी गेलं नव्हतं. झडतीबाईने गळपट्टाही स्वतःच काढून दाखवला. इतक्या बायकांना तिने असं उभं केलं होतं, पण असं उभं राहणं काय असतं, ते तिला त्या सकाळी कळलं.

लेक खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. शाळेत सांगायला नवरा गेला, आणि त्यालाही मुख्याध्यापिकांनी फाटकाबाहेरच थांबवलं, हे ठीकच झालं. गाडी गेली.

झडतीबाई आतल्या खोलीत दार लावून पडली. कारखान्याने बाजूच्या दारावरही एक माणूस यंत्र घेऊन उभा केला, अर्थात उशिरा. डॉक्टर फोनवर म्हणाले की लक्षणं तीच आहेत, पण तपासणीला मोठी रांग आहे, जास्त वाटलं तरच या, नाहीतर घरीच थांबा. आणि जास्त काही वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला, घसाही सुटला, तरी खबरदारी म्हणून ती खोलीतच राहिली. तो परदेशी ताप होता की साधं पडसं, की लेकीला वाटत होतं तसं आणखी काही, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. झडतीबाईला पहिल्यांदाच स्वतःच्या बाजूने पुरावा हवा होता, आणि तो नव्हता.

लेक ताट दाराबाहेर ठेवायची, दारावर टकटक करायची आणि निघून जायची. बोलत नव्हती. तिकडून बातम्या येत होत्या. गाणं छान झालं, कुणी आजारी पडलं नाही, समुद्र निळा आहे. तिकडचे काही लपवत तर नसतील ना, असं झडतीबाईच्या मनात आलं, आणि तिने ते मनातच ठेवलं. लेक जायला हवी होती, जाऊन ती सुखरूप परतली असती, हे तिला कळत होतं. आपण मुलीचं एक मोठं सुख हिरावलं, ते सुद्धा खरं बोलून, याचं तिला रडू येई. ती उशीत तोंड खुपसून रडे, कारण तेही नाटक वाटलं असतं.

एका संध्याकाळी टकटक झाली, पण पावलं परत गेली नाहीत. दारापलीकडे लेक उभी होती.

"आई, एकच विचारते. सरळ सांग," तिचा खालच्या पट्टीतला आवाज आला. "मी गेले नाही, तेव्हा तुला बरं वाटलं का?"

झडतीबाई अंथरुणात उठून बसली. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. नाहीच म्हणायचं तिच्या ओठांवर आलंही होतं. पण जन्मभर दुसऱ्यांचे खिसे बघितलेल्या बाईने तेवढ्यात स्वतःचाही एक खिसा उलटा केला, आणि अगदी तळाशी, अस्तराच्या शिवणीत, ते होतं.

"हो. थोडं," ती म्हणाली. "गाडीचा आवाज गेला, तेव्हा. थोडंसं वाटलं. मग खूप वाईट वाटलं."

पलीकडे ताट उचलल्याचा आवाज आला. लेक गेली असं झडतीबाईला वाटलं.

"म्हणजे ताप खराच होता," लेक म्हणाली, आणि रिकामं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली.